पंचवीसच्या पुढचं

“तू जरा जास्तच आत आहेस, सरोजा,” नाडगौडा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. “आत उभं राहिलेल्या माणसाला घर दिसत नाही.”

टेबलावर रविवारची पुरवणी पडली होती. तिच्यात मॅडमचा अर्ध्या पानाचा लेख होता आणि वर त्यांचा हसरा फोटो. मथळा होता, ‘उत्तराऐवजी चहा’. लेखातली बाई माझी आई होती.

“नाव बदललंत मॅडम, पण करंगळी ठेवलीत.”

“कुठली करंगळी?”

“‘डाव्या हाताची करंगळी वाकडी असलेली पार्वती.’ तुम्हीच लिहिलंय. आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळतात, पण वाकडी करंगळी एकाच बाईची आहे. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, मुलगी विद्यापीठात, तेही लिहिलंत. घर नंबर तेवढा राहिला.”

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. “तपशील गेला तर आपल्या अभ्यासात उरतं काय? तुला चुलीचं सांगितलं होतं ना मी. तीन दगड. माहिती, सिद्धांत आणि आपण स्वतः. एक दगड उंच झाला की भांडं कलंडतं. आत्ता तुझा दगड उंच झालाय. घरी जा आणि स्वतःची जागा कुठली, त्यावर एक पान लिहून आण.”

“आणि तुमची जागा?”

“काय म्हणालीस?”

“काही नाही,” मी म्हटलं. बिस्किटाला हात न लावता उठले. त्या दिवशी मी डूख धरला. गोड शब्दांत सांगण्यासारखं काही नाही त्यात. मला त्या बाईचं नाक भर सभेत कापायचं होतं.

मॅडम माझ्या गाइड. सोलापूरच्या विडी कामगार बायकांवर त्यांचा मोठा प्रकल्प चालला होता आणि मी त्यात मदतनीस होते. मला घेतलं कारण मी पूर्व भागातली, पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारी, विडी वळणारीची लेक. “तू आमची किल्ली आहेस,” असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. किल्लीनं एकेक दार उघडून दिलं. बायका अनोळखी माणसासमोर तोंड उघडत नाहीत. माझ्याकडे बघून उघडलं. आमच्या घराची पाळी आली तेव्हा मात्र मॅडम म्हणाल्या, स्वतःच्या आईची मुलाखत कुणी घेत नसतं. पुण्याहून आलेली दुसरी मदतनीस, केतकी जाईल. तू घरी थांबायचं नाहीस, ध्वनिमुद्रणही ऐकायचं नाहीस. मला ते पटलं. शास्त्राचा नियम असतो, असं तेव्हा वाटायचं.

लेखात नेमकं काय होतं ते सांगते. केतकीनं विचारलं, “मावशी, काकांनी कधी तुमच्यावर हात उचलला का?” यावर पार्वती जवळजवळ मिनिटभर गप्प राहिली. मग म्हणाली, “चहा घे बाळ.” एवढंच. या मिनिटभरावर मॅडमनी अर्धं पान उभं केलं होतं. सोसणारी बाई उत्तर गिळते आणि पाहुणचार पुढे करते. तिचं मौन हीच तिची साक्ष. मॅडमचा हा सिद्धांत जुना होता, प्रकल्पाच्या आधीचा. मुलाखतींच्या कागदांवर मौन दिसलं की त्या गुलाबी पेनानं खूण करायच्या. आमच्या बायकांचे कागद गुलाबी गुलाबी झाले होते आणि मॅडम खूश होत्या.

सोमवारी नान्ना, म्हणजे माझे वडील, कारखान्यात गेले तर मागावरच्या पोरांनी विचारलं, “काय अंबादासशेठ, चहा घेतला का?” मंगळवारी पानपट्टीवर विचारलं. मग गल्लीतली शेंबडी पोरंही विचारायला लागली. नान्ना मार्कंडेयाच्या देवळात जायचे बंद झाले. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. दहावीनंतर माझं लग्न उरकायला सगळं गणगोत टपलेलं असताना “पोरगी शिकेल” एवढे दोन शब्द बोलून त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं होतं. त्या माणसाला एका मिनिटाच्या शांततेवरून बायको बडवणारा ठरवलं. मी दात-ओठ खात होते.

अम्माला विचारलं, तर ती मान वर न करता पानं कापत राहिली.

“तू तरी बोल की!”

“काय बोलू? शिकलेल्या बाईनं लिहिलंय.”

“खोटं लिहिलंय ना पण? नान्नानं कधी हात उचलला का तुझ्यावर? सांग, मी उद्या जाऊन तिला तोंडावर सांगते.”

अम्मानं सुपातल्या विड्या उचलल्या आणि मोजायला लागली. ओठ नुसते हलत होते. मी गप्प झाले. विडीच्या घरातल्या पोराला चालता येण्याआधी हे कळतं की आई मोजताना बोलायचं नाही. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. चोवीस भरल्या तर कारखान्यातला तपासनीस कट्टा तोंडावर फेकतो, सव्वीस भरल्या तर एक फुकट जाते. लहानपणी गुडघा फोडून रडत आले तरी आधी पंचवीस, मग मी. तशीच उभी राहिले. अम्मानं कट्ट्याला दोरा गुंडाळला, तेवढ्यात नान्ना आत आले आणि बोलणं तिथंच राहिलं.

मी मात्र जागच्या जागी थिजले होते. आई मोजताना बोलायचं नाही! केतकीला हे कुणी सांगितलं होतं? पुण्याच्या केतकीनं प्रश्न विचारला तेव्हा अम्माच्या हातात काय होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी विभागात सगळे जेवायला गेले, तेव्हा मी नियम मोडला. कॉम्प्युटरवर अम्माची मुलाखत काढली, इयरफोन कानात कोंबले आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. केतकीचा प्रश्न आला. मग पंख्याची घरघर, बाहेर कुणीतरी भांडी घासतंय आणि त्याच्या खाली, सुपाजवळ ठेवलेल्या यंत्रानं इमानानं टिपलेली अम्माची कुजबुज. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार. मी तिच्याबरोबर मोजत गेले. इरवै मूडु, इरवै नालुगु, इरवै ऐदु. पंचवीस! मी इयरफोन काढून फेकले. उठून नाचावंसं वाटलं. हे मॅडमचं मौन! ही साक्ष! बाई कट्टा मोजत होती.

मग मी त्याच वेळी मॅडमकडे का गेले नाही? गेले असते, तर त्यांनी चष्मा पुसला असता आणि पुरवणीच्या कोपऱ्यात चार ओळींची दुरुस्ती छापून आली असती. नान्नाला चार ओळी पुरणार नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर मलाही पुरणार नव्हत्या. महिन्याभरात विद्यापीठात परिषद होती. दिल्लीचे, हैदराबादचे मोठे लोक येणार होते. मॅडम तिथे हाच निबंध वाचणार होत्या आणि ध्वनियंत्रणा सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मी तोंडाला कुलूप लावलं. मॅडमनी मागितलेलं ते पानही लिहून दिलं. ‘मी आत आहे, त्यामुळे मला दिसत नाही,’ असं त्यात छान अक्षरात लिहिलं. मॅडमनी पाठीवर हात फिरवला.

“आता शहाणी झालीस,” त्या म्हणाल्या.

परिषदेच्या आदल्या दिवशी त्यांनीच मला बोलावून घेतलं. “सरोजा, ते मौन ऐकवायचं का सभागृहात? नुसती शांतता. लोकांच्या अंगावर काटा येईल.”

“नक्की येईल मॅडम,” मी म्हटलं.

सभागृह भरलं होतं. मॅडम इरकल नेसून आल्या होत्या, बोलल्याही सुंदर. बोलायला त्या सुंदरच होत्या, तो त्यांचा गुण कुणी नाकारणार नाही. केतकीचा प्रश्न त्यांनी स्वतः वाचला, आवाज खाली आणला आणि हात जोडल्यासारखे करून म्हणाल्या, “आता आपण पार्वतीचं मौन ऐकू या.”

मी आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली.

पंखा घरघरला. भांडी वाजली. मग भिंतींवरच्या स्पीकरांतून माझ्या आईची कुजबुज सगळ्या सभागृहात पसरली. ओकटि. रेंडु. मूडु. मॅडमनी माझ्याकडे वळून आवाज कमी कर, अशी खूण केली. मी मुळीच केला नाही. पहिल्या रांगेत हैदराबादच्या एक प्राध्यापक बाई होत्या. त्या आधी हसल्या, मग शेजारच्याच्या कानाशी लागल्या.

मी माइक ओढला. “बाई, काय चाललंय ते सगळ्यांना सांगाल का? मी सांगितलं तर म्हणतील, ही आतली आहे.”

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, ते खोटं नाही. बाई उठून म्हणाल्या, “ती आकडे मोजते आहे. सतरा, अठरा, एकोणीस.”

सभागृहात खसखस पिकली. इरवै नालुगु, इरवै ऐदु. पंचवीसवर मी बटण दाबलं आणि माइकवरून सांगितलं, विडीचा कट्टा पंचवीसचा असतो. मोजताना बाई बोलत नाही, मग समोर नवरा असो, परमेश्वर असो नाहीतर पुण्याची केतकी. आमच्या प्रकल्पातल्या कागदांवर जिथे जिथे गुलाबी खूण आहे, तिथे तिथे एक कट्टा बांधून झाला आहे. आणि ही पार्वती माझी आई आहे. माझ्या वडिलांचं नाव अंबादास म्याकल. त्यांना महिनाभर रस्त्यानं चालता आलेलं नाही.

टाळ्या पडल्या. मला अजून त्या टाळ्या ऐकू येतात आणि अजून गोड लागतात. मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी डोळे भरून बघितला.

त्या मात्र खाली बसल्या नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “पुढचं वाजव, सरोजा. अजून आहे पुढे.”

“पुढे फक्त चहा आहे मॅडम,” मी म्हटलं.

सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. दिल्लीचे पाहुणेसुद्धा डोळे पुसत होते. मॅडम कागद गोळा करून खाली उतरल्या.

बातमी दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात आली, नान्नांच्या नावासकट. गल्लीत ती मोठ्यानं वाचली गेली. चहा विचारणारी पोरं गायब झाली. नान्नांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि देवळात जाऊन आले. रविवारी आमच्या समाजातले वडीलधारे नरसय्या कोंडा चार माणसं घेऊन घरी आले. सोबत शाल आणि हार. हार नान्नांना, शाल मला. मी गाइड बदलायचा अर्ज दिला होता, पुढे काय होणार ते ठाऊक नव्हतं, तरी त्या दिवशी मला कुणाचीच भीती वाटत नव्हती.

आमचं घर म्हणजे एक खोली आणि मोरी. पुरुषमंडळी खाटेवर आणि चटईवर बसली. अम्मा कोपऱ्यात नेहमीसारखी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. रविवार असला तरी सोमवारी माल द्यायचा असतोच. बोटं पानाभोवती फिरत होती, वाकडी करंगळी तेवढी बाजूला उभी. भिवंडीत राहत असताना ती करंगळी दारात चेंगरली, असं अम्मा सांगायची. मी तेव्हा पाळण्यात होते.

“अंबादासा,” नरसय्या म्हणाले, “पोरीनं नाव राखलं बघ तुझं.”

“आपल्या मनात पाप नसलं म्हंजे झालं,” नान्ना म्हणाले. हार त्यांच्या गळ्यात होता आणि कितीतरी दिवसांनी त्यांची मान ताठ होती. “पंचवीस-सव्वीस वर्षं झाली लग्नाला. विचारा की हिला. कधी बोट लावलं नाही मी.”

अम्माचे हात थांबले.

“सरोजा,” ती म्हणाली, “ते माझं बोललेलं तुझ्या मोबाइलात आहे ना? मला ऐकव की. सगळ्या गावानं ऐकलं, मी ऐकलं नाही.”

“आत्ता कशाला?” नान्ना म्हणाले.

“ऐकू दे की वहिनीला,” नरसय्या हसले. “आम्ही पण ऐकतो. लाव गं.”

परिषदेत वाजवलेला तो तुकडा मी मोबाइलात उतरवून घेतला होता. मी मोबाइल काढला. मला आनंदच झाला. ज्या आवाजानं मॅडमला लोळवलं, तो त्या आवाजाच्या मालकिणीला ऐकवायचा होता.

“मोठ्यानं लाव,” अम्मा म्हणाली.

केतकीचा प्रश्न आला. पंखा, भांडी, मग कुजबुज. म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. सगळ्यांच्या घरी आया, बायका, सुना विड्या वळत आलेल्या. तो सूर सगळ्यांच्या ओळखीचा. विसाच्या पुढे तर ते बरोबरीनं मोजायला लागले. इरवै मूडु, इरवै नालुगु, इरवै ऐदु! नरसय्यांनी मांडीवर थाप मारली. माझा अंगठा बटणाकडे गेला.

“राहू दे,” अम्मा म्हणाली.

“इरवै आरु,” मोबाइलातली अम्मा म्हणाली.

सव्वीस.

खोलीतलं हसू अर्ध्यावर राहिलं. विडीच्या घरात सव्वीस हा आकडा कुणी मोजत नाही. मी माझ्या सगळ्या जन्मात तो अम्माच्या तोंडून ऐकला नव्हता. इरवै एडु. इरवै एनिमिदि. आवाज कुजबुजीचाच होता, पण आता त्याला धाप लागल्यासारखी झाली होती. इरवै तोम्मिदि. मुप्पै. तीस. हातात कट्टा नव्हता. कट्टा कधीच नव्हता. प्रश्न टळेपर्यंत, समोरची पोरगी वैतागून पुढचा प्रश्न विचारेपर्यंत ती आकड्यांना धरून बसली होती. मॅडमचं गुलाबी पेन चुकीच्या रस्त्यानं बरोबर घरात शिरलं होतं आणि मी, घरातली, पंचवीसवर इयरफोन फेकून मोकळी झाले होते.

मी बटण दाबायला गेले. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला नान्नाला वाचवायचं होतं.

“सरोजा, हात काढ,” अम्मा म्हणाली. “पुढचं ऐकू दे त्याला.”

त्याला. घरात नान्नाला तिनं कधी एकेरी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. माणसांत तर नाहीच नाही. तिनं डावा हात सुपाच्या काठावर ठेवला होता, पंजा उघडा, सगळ्यांना दिसेल असा. मुप्पै ओकटि. मुप्पै रेंडु. नरसय्यांची नजर त्या हातावर गेली आणि तिथून नान्नावर. मग चटईवरच्या एकेकाची गेली. नान्ना गळ्यातल्या हाराचं फूल चुरगळत होते. मला “पोरगी शिकेल” म्हणणारा तो माणूस तिथंच बसला होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. पाळण्यातली मी कुठेतरी रडत असेन, दार आपटलं असेल, आणि नंतर सगळं नीट झालं असेल. इतकं नीट की मुलीला पत्ताही लागू नये.

मोबाइलात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग अम्माचा स्पष्ट मराठी आवाज आला, “चहा घे बाळ.”

ध्वनिमुद्रण तिथंच संपत होतं.

अम्मा उठली. चहा आधीच उकळून ठेवलेला होता. तिनं तो कपांत ओतला, एकेकाच्या हातात दिला, पहिला नरसय्यांना. शेवटचा कप घेऊन ती नान्नासमोर जाऊन उभी राहिली. महिनाभर अख्खं गाव जे त्यांना विचारत होतं, ते त्यांच्या घरात कुणी विचारलं नव्हतं.

“घे,” ती म्हणाली. “चहा घे.”

नान्नानं कप घेतला. बशीत सांडला. चार माणसांदेखत तो त्यानं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही, पण अम्मा पूर्ण वेळ बघत उभी होती.

मग ती कोपऱ्यात जाऊन बसली, सूप मांडीवर ओढलं, विड्या उचलल्या आणि पहिल्यापासून मोजायला लागली. या वेळी मोठ्यानं.